सात पिशव्या श्वास

१

गुरुवारी सकाळी साडेनऊला श्वासतपासणीच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि सात माणसांचा श्वास चोरीला गेल्याचं लक्षात आलं.

ऐकून आधी सगळे हसले. रुग्णालयातून चादरी जातात, नळाच्या तोट्या जातात, एकदा तर चाकांची खुर्ची चाकांसकट गेली होती. पण माणसांनी फुंकलेली हवा कुणी पळवेल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कोणत्या सात पिशव्या गेल्या हे कळल्यावर मात्र हसणाऱ्यांची तोंडं उतरली.

मागच्या आठवड्यातल्या सोमवारी जवळच्या बेकरीतले चाळीस कामगार तपासणीला आले होते. प्रत्येकाने दोन चंदेरी पिशव्यांत श्वास सोडला. एक पिशवी लगेच यंत्राला लागली, दुसरी नंबर घालून फेरतपासणीसाठी कपाटात गेली. यंत्राचं कागदावरचं नाव दीड ओळीचं असल्यामुळे सगळे त्याला नुसतं ‘नाक’ म्हणत. फुप्फुसात जंतूंनी बिऱ्हाड केलं की तेही खातात-पितात आणि आपापले वायू सोडतात. ते वायू श्वासाबरोबर बाहेर येतात, आणि हे नाक ते हुंगून आत कोण राहायला आलंय ते सांगतं. त्या सोमवारी नाकाने सात जणांना क्षय असल्याचं सांगितलं. मालकाने सातही जणांना त्याच दिवशी घरी बसवलं. मग थुंकी तपासली, छातीचे फोटो काढले, आणि या बुधवारी संध्याकाळी निकाल आला: सातही जण ठणठणीत. आता त्यांच्या दुसऱ्या पिशव्या गुरुवारी पुन्हा तपासायच्या होत्या, आणि गुरुवारी नेमक्या त्याच सात जागेवर नव्हत्या.

रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी जिन्याखालच्या खोलीतून तक्रारबाईंना बोलावून घेतलं. बावीस वर्षं लोकांच्या तक्रारी लिहून घेणं एवढंच तक्रारबाईंचं काम. थंड चहा, खेकसणारी परिचारिका, हरवलेली कवळी, काहीही. या बावीस वर्षांत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: माणूस सांगताना खोटं बोलतो, करून दाखवताना त्याला ते जमत नाही. त्यामुळे ‘सांगू नका, करून दाखवा’ हे त्यांचं पालुपद झालं होतं आणि पाठीमागे त्यांची नक्कलही व्हायची.

“पोलीस नकोत,” साहेब म्हणाले. “परवा, शनिवारी समिती बसतेय. तोवर खुलासा झाला नाही तर यंत्र परत जाईल आणि त्यावर काम करणारी मुलगीही घरी जाईल. आणि त्या सात जणांना मालक कामावर घेत नाही. म्हणतो, यंत्राने उगाच नावं घेतली नसतील, काहीतरी पाणी मुरतंय.”

तक्रारबाई खोलीत परतल्या तेव्हा दारात एक तरुण बाई कडेवर दहा महिन्यांची मुलगी घेऊन उभी होती. तिचीही तक्रार होती. तिच्या वडिलांना, म्हणजे श्वासतपासणीच्या खोलीतल्या मामांना, या वयात सलग तीन आठवडे रात्रपाळी लावली होती. “नातीचं तोंड बघायला मिळत नाही हो त्यांना,” ती म्हणाली. “ते स्वतः कधी बोलणार नाहीत, म्हणून मी आले.”

तक्रारबाईंनी ती तक्रार लिहून घेतली आणि दौतीखाली सरकवून ठेवली. मोठं प्रकरण समोर असताना लहान प्रकरण मागे टाकणं ही चूक त्या बावीस वर्षांत दुसऱ्यांदा करत होत्या.

२

संशयित चार. चौघांनाही त्यांनी त्याच दिवशी गाठलं.

छातीचे डॉक्टर खुर्चीत रेलून बसले होते. यंत्र आल्यापासून त्यांचं नाक मुरडलेलं होतं. “कान लावून छाती तपासायची सोडून हे फुगे फुगवत बसलेत,” ते म्हणाले. “पिशव्या गेल्या त्याचं मला काही सोयरसुतक नाही. यंत्र तोंडावर आपटलं, बरं झालं.”

“कपाटाची दुसरी किल्ली तुमच्या खोलीत असते ना?”

“ती काय, खिळ्याला. माझ्या खोलीत दिवसभर अर्धं रुग्णालय येऊन जातं.”

कंपनीचा माणूस गळ्यात टाय बांधून यायचा, म्हणून त्याला टायवाला म्हणत. तो घाईत होता. “आमचं यंत्र चुकत नाही, मॅडम. चुकतात ती माणसं.”

“पिशव्या पुन्हा तपासल्या असत्या आणि पुन्हा तोच निकाल आला असता तर?”

टायवाल्याने टाय सैल केला. “तर आमची नाचक्की झाली असती,” तो म्हणाला. “पण म्हणून मी चोरी करीन? माझी गाडी काल दुपारीच सुटली. आज सकाळी परत आलो, तिकिटं दाखवतो.” त्याने ती खरोखरच दाखवली.

यंत्रवाली मुलगी सव्वीस वर्षांची, डोळे रडून सुजलेले. तिची खोली वेगळी होती. मधल्या भिंतीतल्या लहान खिडकीतून पिशवी तिच्याकडे यायची. कुणी पिशवी भरताना तिला दिसत नसे.

“यंत्रात आधीच्या कुणाची घाण राहिली असेल?” तक्रारबाईंनी विचारलं.

“नाही, बाई. दोन नमुन्यांच्या मध्ये मी दरवेळी कोरी हवा सोडून बघते. रेघ सपाट होती. खोलीतली हवाही तपासली, तीही स्वच्छ.” तिने सात कागद टेबलावर पसरले. प्रत्येकावर एक रेघ आणि रेघेवर तीन शिखरं: लहान, उंच, मध्यम. “एक गोष्ट मला खटकतेय. माणूस बदलला की या शिखरांचं एकमेकांशी प्रमाण बदलतं. इथे सातही रेघा एका साच्यातून काढल्यासारख्या आहेत. आणि फिक्या आहेत. खऱ्या रोग्याच्या चौथा हिस्सासुद्धा नाहीत.”

“म्हणजे काय?”

“ते कळलं असतं तर रडत बसले असते का? शनिवारी माझ्या डोक्यावर खापर फुटणार. बाकीचे सोडाच, मामासुद्धा तुटक वागायला लागलेत. महिनाभर माझ्या डब्यातला घास घेत नाहीत.”

मामा भिंतीपलीकडच्या खोलीत, उघड्या खिडकीशी उभे होते. एकतीस वर्षांची नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्ती. लोकांना बसवणं, पिशवी हातात देणं, भरली की तोंड बंद करून खिडकीतून आत सरकवणं हे त्यांचं काम. हाताला चाळा म्हणून टेबलावरच्या पेन्सिली ते उंचीप्रमाणे लावत होते. गणवेश अंगावर ढगळ झाला होता आणि कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं.

“त्या सोमवारी काही वेगळं घडलं का, मामा?”

“काही नाही. पिशव्यांचा नवा खोका त्याच दिवशी फोडला. चाळीस माणसं, ऐंशी पिशव्या, चार तासांत उरकलं सगळं.”

“लोकांना फुंकायला जमलं?”

“ज्यांना दम लागतो त्यांना जरा मदत करायची, इतकंच.” ते खिडकीबाहेर बघून बोलत होते.

जाण्याआधी तक्रारबाईंनी कपाट उघडून पाहिलं. कुलूप शाबूत होतं. उरलेल्या तेहेतीस पिशव्या एकमेकींना खेटून, नंबर पुढे करून ओळीत उभ्या होत्या. मधली एकही जागा रिकामी नव्हती. चोराने सात पिशव्या उचलल्यावर बाकीच्या सरकवून नीट लावून ठेवल्या होत्या. घाईत असलेला चोर असं करत नाही. हा चोर असा होता, की त्याला पसारा बघवत नव्हता.

तक्रारबाई पेन्सिलींचा विचार करत जिन्याखाली आल्या. दौतीखालची तक्रार काढली आणि पाळ्यांचं वेळापत्रक मागवलं. गेल्या तीन आठवड्यांत मामांच्या नावावर रात्रपाळी एकही नव्हती.

३

घरी सांगितलं रात्रपाळी, आणि इथे रात्रपाळी नाही. मग माणूस झोपतो कुठे?

तक्रारबाईंच्या मनात पहिले विचार आले ते तुमच्या-आमच्या मनात येतात तेच, आणि त्यांची त्यांना लाज वाटली. मग त्यांनी धोबीखान्याच्या बाईला विचारलं, रिकामी खोली कोणती. तिने गच्चीलगतच्या जुन्या चादरखोलीकडे बोट दाखवलं. “मामांनी मागून घेतलीय,” ती म्हणाली. “म्हणाले, दुपारी जरा पाठ टेकायला.”

शुक्रवारी सकाळी मामा कामात असताना तक्रारबाई त्या खोलीत गेल्या. कडाक्याची थंडी होती, तरी खिडकी सताड उघडी होती. एक गुंडाळलेली गादी, एक पेला, एक ताट, दात घासायचा ब्रश. पेल्याला खिळ्याने कोरून खूण केली होती, म्हणजे तो दुसऱ्या कुणी चुकून वापरायला नको. भिंतीवर लहान मुलीचा एक फोटो चिकटवला होता, झोपल्यावर समोर दिसेल अशा उंचीवर.

जुन्या चादरींच्या मागे एक दोरी बांधलेली होती. दोरीला सात चंदेरी पिशव्या, नंबर पुढे करून, क्रमाने लटकत होत्या.

तक्रारबाई गादीवर बसणार होत्या, त्या उभ्याच राहिल्या. चोर सापडला होता आणि त्यांना अजिबात आनंद झाला नव्हता. शिवाय काहीच उलगडत नव्हतं. चोराने माल फोडून का टाकला नाही? एक टाचणी पुरली असती. एकतीस वर्षांत टाचणीसुद्धा घरी न नेलेल्या माणसाने बेकरीवाल्यांच्या श्वासाचं काय करायचं?

त्यांनी पिशव्यांना हात लावला नाही. दार ओढून घेतलं आणि त्या बेकरीकडे निघाल्या.

४

बेकरीच्या मागच्या दारात सातांपैकी एक बाई मालकाची वाट बघत बसली होती. पावाच्या लाद्या बांधायचं तिचं काम, वय अठ्ठावन्न, चार पावलं चालली की धाप.

“शेजारीण माझ्या दारावरून जाताना पदर नाकाला लावते,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी कागद दिला की मी चांगली आहे. कागद काय गळ्यात घालून फिरू?”

“बाकीचे सहा कोण?” तक्रारबाईंनी विचारलं.

तिने बोटांवर मोजले. दोघे निवृत्तीला आलेले, एक सातव्या महिन्यातली पोटुशी, एक दम्याचा, दोन अगदीच काडीपैलवान. तक्रारबाई तिच्या बोटांकडे बघत राहिल्या. भट्टीसमोर परात उचलणारा, पोती वाहणारा एकही दांडगा माणूस त्यात नव्हता.

“त्या दिवशी काय केलंत? सांगू नका, करून दाखवा.”

बाईने दोन्ही हात तोंडासमोर धरले आणि गाल फुगवले. “अशी फुंकत होते. पण पिशवी उघडेचना, मेली आतून चिकटलेली. दमले. मग त्या मामांनी घेतली, पाठमोरे होऊन काहीतरी केलं नि उघडून दिली. दुसरीही तशीच उघडून दिली. फार प्रेमळ माणूस.”

“पाठमोरे होऊन काय केलं?”

“ते कुठे दिसलं मला?”

तक्रारबाई पुढच्या बाजूला दुकानात आल्या. गर्दी होती. काउंटरवरच्या मुलीने कागदी पिशव्यांच्या गठ्ठ्यातून एक ओढली, अंगठ्याने चोळली, ती सुटेना. तिने पिशवी ओठांशी नेली आणि ‘फू’ केलं. पिशवी फट्‌कन उघडली.

“फुंकू नकोस!” मालक गल्ल्यावरून ओरडला. “किती वेळा सांगू? लोक खातात त्यातलं!”

मुलीने जीभ चावली. समोरच्या गिऱ्हाइकाने पिशवी बदलून मागितली. तक्रारबाईंची पाळी आली तेव्हा त्या काही न घेताच दुकानाबाहेर पडल्या होत्या.

५

शनिवारी श्वासतपासणीच्या खोलीत मोठे साहेब, डॉक्टर, टायवाला, यंत्रवाली आणि मामा असे सगळे जमले. तक्रारबाईंनी खिडक्या उघडायला लावल्या आणि प्रत्येकाला मुखपट्टी दिली.

“चोर चावतो की काय?” डॉक्टर म्हणाले.

“यंत्राला खोटं पाडण्यात रस असलेलं माणूस इथे आहे,” तक्रारबाईंनी सुरुवात केली, “आणि यंत्राला वाचवण्यात रस असलेलंही. पण डॉक्टरांना पिशव्या पळवायचं कारणच नव्हतं, त्या पुन्हा तपासल्या असत्या तर यंत्र पुन्हा तोंडावर पडलं असतं. टायवाल्यांना कारण होतं, पण ते गावात नव्हते. आणि या मुलीला पिशव्याच हव्या होत्या, चूक कुठे झाली ते शोधायला. तेव्हा चोर तात्पुरता बाजूला ठेवू. आधी यंत्र खोटं बोललं का ते बघू.”

“बोललंच की,” डॉक्टर म्हणाले. “सात निरोगी माणसांना रोगी ठरवलं.”

“सात रेघा एका साच्यातल्या होत्या. सात माणसांना एकाच ठशाचा रोग होत नाही. डॉक्टर, तो रोग एकाच छातीतला असेल तर?”

यंत्रवालीने सात कागद पुन्हा एकदा चाळले आणि मान वर केली.

“फिक्या होत्या,” ती हळूच म्हणाली. “कारण त्या छातीतली हवा पिशवीत थोडीच होती. बाकीची हवा त्या-त्या माणसाची.”

“आता करून दाखवायचं,” तक्रारबाई म्हणाल्या. त्यांनी नव्या खोक्यातली एक कोरी पिशवी मामांच्या हातात दिली. “मामा, मला दम लागतो असं समजा. मला उघडून द्या.”

मामांनी पिशवी घेतली. अंगठ्याने तोंड चोळलं, नखाने कडा सोडवायचा प्रयत्न केला. पिशवी हातातून निसटली, त्यांनी ती पुन्हा उचलली. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, दोन गेली. पिशवीचे पापुद्रे आतून चिकटलेलेच होते.

“त्या दिवशी ऐंशी पिशव्या चार तासांत झाल्या,” तक्रारबाई म्हणाल्या. “एका पिशवीला तीन मिनिटं, त्यातच माणूस बसवायचा, उठवायचा. दांडग्यांनी जोरात फुंकून आपापल्या उघडल्या. पण ज्यांना दम नव्हता, त्यांना…”

पुढचं वाक्य त्यांनी रात्री पाठ केलं होतं. ते तोंडातून बाहेर येईना. हे सगळं काल चादरखोलीत, दोघांतच बोलायला हवं होतं, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचा संताप आला. चार माणसांत शहाणं दिसायची हौस, दुसरं काय.

मामा पिशवीकडे बघत होते. “आणि शोध लागला नाही तर?” त्यांनी विचारलं.

“तर ही मुलगी आज घरी जाईल.”

मामांनी यंत्रवालीकडे पाहिलं. बहुधा हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ते उघड्या खिडकीशी गेले, मुखपट्टी खाली ओढली, पिशवी ओठांशी नेली आणि फुंकर मारली. पिशवी फट्‌कन उघडली. या वेळी ते तिथेच थांबले नाहीत. छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं त्यांनी त्या पिशवीत भरलं आणि शेवटी खोकल्याची उबळ आली तेव्हाच तोंड काढलं. पिशवी बंद करून, पुसून, त्यांनी ती मधल्या खिडकीतून आत सरकवली.

“लाव गं,” ते म्हणाले. यंत्रवाली आत गेली; मधल्या खिडकीतून तिचा पडदा सगळ्यांना दिसत होता.

यंत्राला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत कुणीही खाली बसलं नाही. पडद्यावर रेघ सरकत आली आणि चढली: लहान, उंच, मध्यम. सात कागदांवरचीच ती शिखरं, फक्त चौपटीहूनही उंच.

यंत्र खरं ठरलं होतं. टायवाल्याने टाळी वाजवायला हात उचलले, आणि यंत्रवालीचा चेहरा बघून खाली घेतले.

“महिना झाला,” मामा बोलू लागले. “संध्याकाळी अंग तापायचं. वजन उतरलं. एकतीस वर्षं इथे काढली, मला काय कळत नाही? पण तपासलं नाही. तपासलं की खरं होतं. घरी तान्ही पोर. म्हटलं, आपणच घरी जायला नको. तिच्यापासून दूर राहिलो की झालं.”

“आणि आमच्यापासून?” डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली खोच गेली होती.

“तुमच्यापासूनही राहत होतो की. खिडकीत उभा राहायचो, चहा वेगळा प्यायचो. पण पिशवी चिकटली की हात आपसूक तोंडाकडे जातो, साहेब. काही वाटलंच नाही, नुसती एक फुंकर. बुधवारी ते सात जण चांगले निघाले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. त्यांच्या दुसऱ्या पिशव्याही मीच उघडल्या होत्या. त्या तपासल्या असत्या तर ते बिचारे पुन्हा रोगी ठरले असते. म्हणून घेतल्या.”

“मग फोडून का नाही टाकल्या?”

“लोकांच्या होत्या,” मामा म्हणाले. “नंबर घातलेल्या.”

डॉक्टरांनी जवळ येऊन मामांच्या पाठीला कान लावला. नळीही घेतली नाही. बराच वेळ ते तसेच वाकून ऐकत राहिले.

“औषध आहे याला,” ते उठत म्हणाले. “सहा महिने, एक दिवस न चुकवता. महिनाभर आधी आला असतात तर तुमची कानउघाडणी वाचली असती. त्या सात जणांना आणि आम्हा सगळ्यांना दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आणि पहिलं कुणाला, तर घरच्यांना. नात किती महिन्यांची?”

“दहा,” मामा म्हणाले.

६

बेकरीच्या मालकाला तक्रारबाईंनी स्वतः जाऊन खुलासा दिला आणि सातही जण कामावर घेतल्याखेरीज दुकानातून हलल्या नाहीत. यंत्रवालीची नोकरी राहिली. पिशव्यांचा तो चिकट खोका परत गेला. नातीच्या तपासण्या झाल्या. ती साफ होती, आणि सुई टोचणाऱ्या परिचारिकेला चावण्याइतकी धडधाकट होती.

राहिली होती दौतीखालची तक्रार. मामांच्या मुलीच्या अर्जावर तक्रारबाईंनी दोन दिवस विचार केला आणि शेरा लिहिला: ‘तक्रार खरी आहे. सदर कर्मचाऱ्यास तीन आठवडे रात्रपाळी होती. ती त्याने स्वतःच स्वतःला लावली होती व ती आता रद्द करण्यात आली आहे.’ बावीस वर्षांत त्यांनी एवढा बेकायदा शेरा दुसरा लिहिला नव्हता.

सहा महिन्यांनी मामा श्वासतपासणीच्या खोलीत आले, या वेळी रोग्याच्या खुर्चीत बसायला. कमरेचा पट्टा पुन्हा जुन्या भोकावर आला होता. बाहेर बाकावर त्यांची मुलगी होती, आणि नात बाक धरून उभी राहून दरवाजाकडे पावलं टाकायच्या बेतात होती. हे बघायला तक्रारबाई कामाचं निमित्त काढून आल्या होत्या.

यंत्रवालीने मामांच्या हातात पिशवी दिली. पिशवी नव्या बनावटीची, तरी जरा चिकटलेलीच. मामा ती नखाने सोडवायला लागले. मुखपट्टी ओठांवर घट्ट, मान खाली. मिनिट गेलं.

“फुंका की, मामा,” यंत्रवाली म्हणाली. “आज तुमचीच आहे.”

मामांनी मुखपट्टी काढली आणि फुंकर मारली. चार मिनिटं सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट गेली.

मामा उठले, खुर्ची टेबलाला समांतर लावली, आणि दार उघडून नातीसमोर गुडघ्यांवर बसले.